उभ्या उभ्या सुरत

विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेला माणूस तसा कोणत्याच गावात नसतो. खिडकीतून जे दिसतं तेच नागपूरला दिसतं, इंदूरला दिसतं आणि कोइमतूरलाही दिसत असावं. रुंद रस्ता, मधोमध धुळीनं माखलेली बोगनवेल, पलीकडे गुळगुळीत चेहऱ्याच्या सुखी कुटुंबाचा बिल्डरनं लावलेला फलक आणि त्याच्याही पलीकडे मोकळी जमीन. या जमिनीवर एखादी म्हैस उभी असते.

सुरतेत मात्र त्या म्हशीकडे आदरानं पाहावं. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथल्या धावपट्टीवर दिल्लीला निघालेलं विमान एका म्हशीवर आदळलं होतं. प्रवासी सुखरूप राहिले, विमान जायबंदी झालं आणि म्हैस इतिहासात गेली. आता सगळं बदललंय. १७ डिसेंबर २०२३ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला आणि त्याच दिवशी जवळच्या खाजोदला हिऱ्यांच्या व्यापाराची एक इमारत उघडली. ती अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षा मोठी असल्याचं सुरतेतला रिक्षावालासुद्धा सांगतो. एवढ्या उलाढालीत म्हैस हॉटेलच्या खिडकीसमोर तशीच उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमानाचा लवलेश नव्हता.

आम्ही तिथे उतरलो होतो ते एका लग्नासाठी. डुमस रोडवरच्या लॉनवर लग्न आणि यजमानांनी पुण्याची मंडळी म्हणून आम्हाला विमानतळाजवळ ठेवलेलं. विमानानं येणाऱ्याला विमानापासून फार दूर नेऊ नये, असा काही विचार त्यामागे असावा. हळद आणि लग्न यांच्यामध्ये एक अख्खा दिवस मोकळा होता. मराठी मध्यमवर्गीयाला परगावी मोकळा दिवस मिळाला की त्याला घाम फुटतो. तो दिवस सत्कारणी लावावा लागतो. 'इतके लांब आलोच आहोत तर' हे आमच्या पर्यटनाचं घोषवाक्य आहे.

हॉटेलच्या टेबलावर प्लास्टिकच्या आवरणातलं एक कार्ड होतं. 'जवळची प्रेक्षणीय स्थळं' असं त्यावर छापलेलं, आणि प्रत्येक स्थळापुढे अंतर मिनिटांत. डुमसचा समुद्रकिनारा, सायन्स सेंटर, पालचं मत्स्यालय, सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय, गोपी तलाव, किल्ला, आणि दोन मॉल. माझे साडू बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. कार्ड त्यांच्या हाती पडलं आणि खिशातून पेन निघालं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या, त्याला स्थळांपुढे खुणा करायला कितीसा वेळ लागणार?

"तुम्ही काही म्हणा," ते म्हणाले, "सुरत नीट बघून घेतली पाहिजे. आपला संबंध आहे सुरतेशी."

संबंध आहेच. सुरत म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिलं काय येतं हे चौथीच्या पुस्तकापासून ठरलेलं आहे. ते आम्ही सुरतेतल्या माणसाशी बोलताना उच्चारत नाही, आणि तोही उच्चारत नाही. दोघंही हवापाण्यावर बोलतो. जानेवारी १६६४ मध्ये महाराज पहिल्यांदा आले, ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा मुक्काम मोजक्या दिवसांचा. मुघलांचं सर्वांत श्रीमंत बंदर, हजला जाणाऱ्या जहाजांचं ठिकाण, वीरजी व्होरासारखे सावकार, इंग्रज-डचांच्या वखारी, हे सगळं समोर असताना स्थलदर्शनाला सवड कुठली? कामाशी काम ठेवून सगळे परत निघाले. दुसऱ्या वेळी तर वाटेत वणी-दिंडोरीला मुघलांशी लढाई करायची होती.

त्यानंतरची मोठी मराठी भेट डिसेंबर १९०७ ची. काँग्रेसचं अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं, ते सुरतेला हलवलं. जहाल आणि मवाळ एका मंडपात बसले, फार वेळ बसू मात्र शकले नाहीत. रासबिहारी घोषांच्या अध्यक्षपदावरून गोंधळ झाला, टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले, खुर्च्या हलल्या आणि एक जोडा हवेत उडाला. तो आधी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि मग फिरोजशहा मेहतांना लागला. तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज वार्ताहरानं तो जोडा मराठी घडणीचा होता, लालसर चामड्याचा आणि टोकदार, हेही लिहून ठेवलं आहे. अधिवेशन मोडलं. ज्यानं जोडा फेकला त्यानं सुरत किती पाहिली कोण जाणे. एका पायात जोडा नसताना माणूस फार हिंडत नाही.

आणि अगदी अलीकडची भेट तर याच डुमस रोडवरची. जून २०२२. विधान परिषदेचा निकाल लागला त्या रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्या सोबतचे आमदार महाराष्ट्राबाहेर पडले ते इथल्या एका हॉटेलात उतरले. हॉटेलभोवती पोलीस, बाहेर वाहिन्यांच्या गाड्या. पुढची रात्र उलटायच्या आत सगळे विमानतळावर आणि तिथून गुवाहाटीला. पुढे झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं जे कौतुक महाराष्ट्रात घराघरात पोचलं, ते गुवाहाटीचं. सुरतेच्या वाट्याला त्यातलं एक विशेषणसुद्धा आलं नाही. डोंगर सुरतेत नाही हे कबूल. पण झाडी आहे, आणि हॉटेल तर होतंच की!

एकूण हिशेब केला तर साडेतीनशे वर्षांत आपली माणसं सुरतेला आली ती काहीतरी उरकायला. बसून कोणी राहिलं नाही. साडूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आज आपण तो अनुशेष भरून काढू," आणि कार्डावरच्या किल्ल्यापुढे गोल केला.

बायका सकाळीच रिंग रोडच्या कापड बाजाराकडे रवाना झाल्या होत्या. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं, त्यांना कोणतीही दिशा विचारावी लागली नाही. आम्ही एक रिक्षा केली. साडूंची अशी समजूत आहे की मराठी वाक्याच्या शेवटी 'छे' लावलं की गुजराती होतं. त्यांनी त्या भाषेत चौकबाजारच्या किल्ल्यापर्यंतचं भाडं ठरवलं, वाटेत पावसाची चौकशी केली, मेट्रोच्या खोदकामाबद्दल मत दिलं. रिक्षावाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अठवा लाइन्सच्या सिग्नलला मागे वळून विचारलं, "काका, तुम्ही पुन्याचे का? आम्ही अमळनेरकडचे."

सुरतेत हे व्हायचंच. तापी मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत सुरतेला येते. तिच्या खोऱ्यातून रेल्वे आली. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, व्यारा अशी. आणि त्या रेल्वेनं खानदेश आला. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात तर कानांना धुळ्यात असल्यासारखं वाटेल. यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत, रिक्षांवर, भाजीच्या गाड्यांवर अहिराणी चालते. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. शिवाय हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगूच्याही. म्हणजे मराठी माणूस सुरतेत बसला नाही हे माझं विधान थोडं आवरतं घ्यावं लागतं. इतिहासाच्या पुस्तकातला मराठी माणूस बसला नाही. पॅसेंजर गाडीनं आलेला बसला, घर केलं, दारात तुळस लावली, आणि आता लग्नाला गावी जाताना सुरतेच्या साड्या घेऊन जातो.

"किल्ल्यात काय पाहण्यासारखं आहे?" साडूंनी त्याला विचारलं.

"मी नाही गेलो कधी," तो म्हणाला. "तठे खावाले काय भेटस?"

त्याची अहिराणी अचानक बाहेर पडली, आणि प्रश्न मात्र अस्सल सुरती होता. तेव्हा आम्हाला कळलं नाही, संध्याकाळपर्यंत कळत गेलं.

किल्ला चांगला जपलाय. गुजरातच्या सुलतानाच्या पदरी असलेल्या खुदावंदखानानं सोळाव्या शतकाच्या मध्याला तो बांधून घेतला, पोर्तुगीजांच्या त्रासाला कंटाळून. भिंती भक्कम, बुरूज गोल, खाली तापी. १६६४ मध्ये सुरतेचा मुघल सुभेदार इनायतखान शहर सोडून याच भिंतींच्या आड जाऊन बसला होता. आता तिथे संग्रहालय आहे, दिव्यांची रोषणाई आहे. साडू एका झरोक्यापाशी बराच वेळ थांबले. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "इथून त्याला सगळं दिसत असणार." आजूबाजूला सगळे सुरती होते. आम्ही लगेच चेहरे सरळ केले आणि पुढच्या दालनात जाऊन लाकडी कोरीवकामाचं मोठ्यानं कौतुक केलं.

तिथून कतारगाम दरवाजाला, गोऱ्यांच्या कबरस्तानात. हे कार्डावर नव्हतं. लग्नाच्या पाहुण्यांना कबरस्तान सुचवू नये एवढी जाण हॉटेलला होती. पण सुरतेत दुसरं काही बघू नका, हे बघा. कबरी म्हणजे लहान लहान राजवाडे आहेत. घुमट, त्यावर घुमट, कमानी, खांब, वर जायला जिने. इंग्रजांनी एक उंच बांधली की डचांनी त्याहून उंच बांधायची. जिवंतपणी मिऱ्यावरून आणि निळीवरून जी चढाओढ होती, ती मेल्यावरही चुन्यात आणि विटांत चालू. इंग्रजांकडची सगळ्यात दिमाखदार कबर ऑक्झिंडन बंधूंची. त्यातला जॉर्ज ऑक्झिंडन म्हणजे १६६४ मध्ये इंग्रजांच्या वखारीचं दार लावून आत हत्यारं घेऊन बसलेला अधिकारी. वखार वाचली, पण १६६९ मध्ये सुरतेच्या हवेपुढे त्याचं काही चाललं नाही.

डचांकडची मोठी कबर आहे हेन्द्रिक व्हॅन रीड याची. हा डच कंपनीचा मलबारातला अधिकारी, पण नाव राहिलं ते 'होर्टुस मलाबारिकुस' या ग्रंथामुळे. मलबारातल्या वनस्पतींचे बारा खंड, १६७८ पासून अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेले. त्याला ज्यांनी झाडपाल्याची माहिती दिली त्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला आहे. म्हणजे आपली अक्षरं युरोपात छापून आली त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, आणि ते घडवून आणणारा गृहस्थ १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना जहाजावर वारला आणि इथे येऊन पडला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या घुमटाखाली दोन पोरं सावली धरून अभ्यास करत होती. साडूंनी त्यांना विचारलं, हे कोणाचं आहे? एकानं पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं, "डच." उत्तर अचूक होतं.

गोऱ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, सुरतेच्या खऱ्या पहिल्या पर्यटकाचं नाव टॉम कोरिएट. तापीचं मुख गाळानं भरलेलं, मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत; ती सुवालीला नांगर टाकत. तिथेच १६१२ मध्ये टॉमस बेस्टनं पोर्तुगीजांशी लढाई दिली, तिथेच १६१५ मध्ये जहांगीरकडे निघालेला वकील टॉमस रो उतरला. कोरिएटला मात्र व्यापार करायचा नव्हता की वकिली. त्याला नुसतं बघायचं होतं. तो अलेप्पोहून चालत अजमेरला आला, सगळ्या वाटेत तीन पौंड खर्च केले आणि त्यातही दहा शिलिंगांना आपल्याला ठकवलं अशी तक्रार लिहून ठेवली. हे ऐकून साडूंच्या डोळ्यांत कोरिएटबद्दल जी आत्मीयता दाटून आली ती मी विसरणार नाही. पुढे तो सुरतेला पोचला. पोट बिघडलेलंच होतं. वखारीतल्या देशबांधवांनी प्रेमानं विलायती दारू पाजली, आणि १६१७ च्या डिसेंबरात तो गेला. हजिऱ्याच्या बाजूला राजगरी गावाजवळ एक घुमट त्याची कबर म्हणून ओळखला जातो. आजच्या दारूबंदीच्या गुजरातेत आला असता तर वाचला असता. वाचला असता असं म्हणवत नाही खरं तर, कारण मग सुरतेच्या जेवणानं गाठलं असतं. या गावात पाहुणा उपाशी मेल्याची एकही नोंद नसावी.

महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार भरतो तो रस्त्यावर. मी ऐकून होतो, तरी पाहताना धडकी भरलीच. स्कूटर उभी आहे, तिच्या सीटवर पांढऱ्या कागदाची घडी उलगडलेली, आपल्याकडे औषधाची पुडी बांधायचे तशी. आत निळसर अस्तराचा पातळ कागद, त्यावर साबुदाण्याच्या आकाराचे खडे. एकानं डोळ्याला भिंग लावलंय, चिमट्यात खडा धरून सूर्याकडे फिरवतोय, दुसरा शेजारी उभा राहून शेंगदाणे खातोय. शेंगदाण्याची पुडी आणि हिऱ्याची पुडी एकाच सीटवर, बोटभर अंतरावर. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात म्हणतात. त्यातले कित्येक या सीटवरून गेलेले असणार. मग कोणीतरी काहीतरी आकडा म्हणालं, दुसऱ्यानं एक ठेवणीतली सुरती शिवी दिली, दोघं हसले आणि पुडी मिटली. सुरतेत शिवी ही सौदा मोडल्याचीही खूण असते आणि पटल्याचीही. खाजोदला साडेचार हजारांवर कचेऱ्यांची एवढी थोरली इमारत उभी राहिली, तरी ही मंडळी लगेच उठून तिकडे का गेली नाहीत, ते त्या स्कूटरशी उभं राहिल्यावर कळतं. वातानुकूलित कचेरीत शेंगदाणे कोण विकणार?

दुपारपर्यंत साडूंच्या कार्डावर किल्ला आणि गोपी तलाव एवढ्या दोनच खुणा झाल्या होत्या. गोपी तलाव मलिक गोपीनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, मधली बरीच वर्षं कोरडा, आता महापालिकेनं पुन्हा भरून तिथे मुलांची खेळणी आणि खाऊची दुकानं मांडली आहेत. तलावाकडे पाठ करून लोक लोचो खात होते. खमण करताना बिघडलं, घट्टच होईना, तर दुकानदारानं ते टाकलं नाही. वर तेल, शेव, कांदा आणि चटणी घालून वाढलं आणि गाव त्याच्यामागे लागलं, अशी लोचोची जन्मकथा सांगतात. बिघडलेल्या पदार्थाला आपण घरी नावं ठेवतो. यांनी त्याला नाव दिलं आणि दुकानाची पाटी लावली.

साडूंनी गोपी तलावाचा इतिहास विचारायला एका सुरती काकांना गाठलं. काका म्हणाले, तलाव जुना आहे, पण तुम्ही या दिवसांत आलात हे चुकलं. थंडीत यायला हवं होतं, पोंक असता. म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा. त्याच्यावर लिंबू-मिरीची शेव आणि साखरेच्या गोळ्या. नाहीतर उंधियूला, कतारगामची पापडी असते तेव्हा. नाहीतर पावसात, सरसिया खाजासाठी. नाहीतर चंदी पडव्याला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, घारी खायला. घारी मावा आणि तुपाची, आणि ही म्हणे तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी पहिल्यांदा केली, असं सुरतेत सांगतात. आमच्याकडे पाहून ते खास सांगितलं असावं. काकांच्या बोलण्यात सुरतेचं पूर्ण वर्ष येऊन गेलं, पण त्यात एकही इमारत नव्हती. आम्ही कोणतं ठिकाण बघायचं हे विचारत होतो. ते कोणत्या ऋतूत काय खायचं हे सांगत होते. दोघंही आपापल्या जागी सुरतेच्या प्रेक्षणीय स्थळांबद्दलच बोलत होतो.

संध्याकाळी बायका परतल्या. कापड बाजारात त्यांना गादीवर बसवलं, आधी थंड कोको पाजला, मग साड्या उलगडायला सुरुवात केली. एकही साडी नको म्हटली तरी दुकानदाराच्या कपाळावर आठी नाही. घडी मोडतच राहिला. त्यामुळे नको म्हणायची लाज वाटत गेली. गठ्ठे पाहून आम्ही दोघं साडू काही बोललो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही गोष्टी पुरुषांना शिकवाव्या लागत नाहीत.

मग सगळे मिळून डुमसला. डुमसच्या वाळूचा रंग काळा, आणि भारतातल्या झपाटलेल्या जागांची कोणतीही यादी काढा, त्यात डुमस असतंच. जुनं स्मशान, रात्री ऐकू येणारे आवाज वगैरे. रविवारी संध्याकाळी तिथे जाऊन पाहिल्यावर भुतांबद्दल कणवच येते. उंट, घोडे, फुगे, भाजलेली मक्याची कणसं, दर्या गणेशाचं देऊळ, आणि माणसं, माणसं, माणसं. भुतानं 'सरक' म्हटलं तर कोणी ऐकेल असं वाटत नाही. खंभातच्या आखाताचं पाणी ओहोटीला इतकं लांब जातं की समुद्र कुठे आहे हे विचारावं लागतं. आम्ही विचारलं. एका भजीवाल्यानं झाऱ्यानंच पश्चिमेकडे दाखवलं आणि पुन्हा कढईकडे वळला.

त्याचंही बरोबर होतं, कारण पाहण्यासारखी गोष्ट कढईतच होती. टोमॅटोची जाड चकती, तिच्यावर हिरव्या चटणीचा थर, चकतीच्या कडेपर्यंत नीट पसरलेला. मग बेसनात बुडवून तेलात. बाहेर काढून मध्ये कापली की आतला टोमॅटो तापलेला, पण अजून न विरघळलेला, आणि चटणी जिथल्या तिथे. लष्करी भजी म्हणतात त्यांना. पहिल्या घासाला जीभ भाजते, आणि तरीही दुसरी चकती उचलली जाते. साडू कार्ड हातात घेऊन उभे होते. भजी आल्यावर कार्डाचं काय करायचं हा प्रश्न पडला. त्यांनी ते भजीच्या द्रोणाखाली धरलं, तेल टिपायला. डुमस बीच या शब्दांवर तेलाचा पारदर्शक डाग पडला. खुणेपेक्षा ती नोंद पक्की.

परतताना डुमस रोडवर जे पाहिलं ते मात्र कोणत्याच कार्डावर सापडणार नाही. फुटपाथवर रांगेनं कुटुंबं बसली होती. बाग नव्हे, तलाव नव्हे, समोर काही नाही. वाहता रस्ता आणि त्याच्या कडेला स्कूटरी लावलेल्या. सतरंजी अंथरलेली, स्टीलचे डबे उघडलेले. एका आजोबांसाठी घडीची खुर्ची आणली होती. एक बाई पिशवीतून सुरी, कांदा आणि लिंबू काढत होती, पोळपाटाएवढ्या फळीवर कांदा बारीक चिरत होती, आणि मध्येच हात थांबवून रस्त्यावरून गेलेल्या कोणालातरी नावानं हाक मारत होती. घरी हेच जेवण स्वयंपाकघरात झालं असतं. इथे आणून जेवल्यानं ती सहल झाली.

साडूंना राहवलं नाही. ते त्या आजोबांना म्हणाले, इथे काय बघायला येता तुम्ही? आजोबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, "बेसो, बेसो."

आणि बसलो. मराठी माणसाला असं परक्याच्या सतरंजीवर बसणं सोपं नसतं. 'नको, आत्ताच खाल्लंय,' 'तुमचं कमी पडेल,' 'बरं, एकच,' अशा सगळ्या पायऱ्या आम्ही रीतसर उतरलो. मग हळूहळू मांडी ठोकली गेली. कशाबद्दल बोललो ते सांगता यायचं नाही. त्या बाईंची बहीण नाशिकला दिलेली होती, आमच्या रिक्षावाल्यासारखा अमळनेरचाच कोणी त्यांच्या कारखान्यात होता आणि त्याची आई वांग्याचं भरीत घेऊन रविवारी डुमसला जाते, हेही त्यांना ठाऊक होतं. विमानं डोक्यावरून उतरत होती. वर बघून कोणी 'आलं बघा' म्हणायचं आणि पुन्हा लिंबू पिळायचं.

'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण आपण ऐकतो आणि तिचा अर्थ सुरतेला चांगलं जेवायला मिळतं एवढाच लावतो. चांगलं जेवण काय, पुण्यातही मिळतं, दुपारी एक ते चार सोडून. सुरतेची गंमत जेवायला बसण्यात आहे. या गावाला पोर्तुगीजांनी जाळलं, आपण दोनदा आलो, बंदर गाळानं भरलं, व्यापार मुंबईला गेला, १९९४ मध्ये प्लेगनं लोक पळाले, २००६ मध्ये तापीनं घराघरात पाणी घातलं. प्रत्येक वेळी सुरत उठली, झाडलोट केली आणि पुन्हा पान मांडून बसली. प्लेगनंतर तर अशी झाडलोट केली की २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. एवढं सोसलेल्या गावाला समोर ताजमहाल लागत नाही. फुटपाथ पुरतो.

यादीत राहिलेलं बरंच होतं. दांडी तर तास-सव्वा तासावर. १९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी जिथे मीठ उचललं तिथे आता स्मारक आहे, पदयात्रेतल्या सगळ्यांचे पुतळे आहेत. त्यांतले एक नारायण मोरेश्वर खरे, विष्णू दिगंबरांचे शिष्य, साबरमती आश्रमात भजनं शिकवणारे. चोवीस दिवस चालत सुरत जिल्ह्यात आलेला हा मराठी माणूस काही उरकायला आला नव्हता, गात गात आला होता. त्याच्यासाठी म्हणून पुन्हा यायचं ठरलं. बारडोलीलाही जायचं. आणि थंडीत यायचं, पोंकासाठी. ठरवताना दांडी आधी म्हटली की पोंक, ते मी मुद्दाम लिहीत नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निघायचा दिवस आला. यजमानांनी प्रत्येकाच्या हाती घारीचा डबा, नानखटाईचा डबा आणि भुसूची, म्हणजे फरसाणाची, पिशवी दिली. शेजाऱ्यांसाठी वेगळी, कामवालीसाठी वेगळी. विमानतळावर साड्यांच्या गठ्ठ्यांसकट सामान काट्यावर चढलं आणि काट्यानं परवानगीपेक्षा अकरा किलो जास्त दाखवले. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून रक्कम सांगितली. साडूंनी ती दोनदा विचारून घेतली, पावती तपासली, बेरीज पडताळली आणि पैसे भरले. मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाले, "सुरतेहून माल नेताना वर पैसे मोजणारा पहिला मराठी माणूस मीच असणार."